‘किती वाळलात हो!’ : कोणते बोलणे सोडावे, कोणते ऐकावे

साठीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला दोन पथ्ये सांभाळावी लागतात. एक खाण्यापिण्याचे, ते आम्ही लिहून देतो. दुसरे कानांचे, ते कोणी लिहून देत नाही. चार किलो वजन उतरते न उतरते तोच ‘किती वाळलात हो!’, ‘चेहरा पार उतरला’, ‘साखर निघाली का?’, ‘काही लपवत तर नाही ना?’ असे प्रश्न जिन्यात, देवळात, बँकेच्या रांगेत आणि लग्नाच्या मांडवात सुरू होतात. नेमाने फिरायला जाणारे, साखरेचा चहा सोडलेले कितीतरी रुग्ण मी पाहते. भुकेपुढे ते हरत नाहीत, या प्रश्नांपुढे हरतात. म्हणून या वेळचा विषय आहार नसून लोकांचे बोलणे हा आहे.

‘लोकांकडे मुळीच लक्ष देऊ नका’ असा सल्ला मी देणार नाही. तरुण माणसाला तो एक वेळ देता येईल. उतारवयात मात्र वजन घटणे हे कधी प्रयत्नांचे फळ असते, तर कधी एखाद्या आजाराची पहिली खूण असते. रोज पाहणाऱ्या घरच्यांच्या नजरेला हळूहळू होणारा फरक जाणवत नाही. सहा महिन्यांनी भेटणाऱ्या पाहुण्याला तो दारातच दिसतो. तेव्हा सगळेच बोलणे झटकून टाकणे शहाणपणाचे नाही आणि सगळेच मनाला लावून घेणेही नाही. कोणते बोलणे सोडायचे आणि कोणते घेऊन डॉक्टरांकडे जायचे, हे ओळखता आले पाहिजे.

हे बोलणे येते कुठून?

आपली भाषाच पाहा. मूल अंगाने भरले की त्याने ‘बाळसे धरले’. गृहस्थ गरगरीत असला की तो ‘खात्यापित्या घरचा’. बारीक होण्याला मात्र आपण ‘वाळला’, ‘खंगला’, ‘हडकला’, ‘काडी झाला’ असे शब्द वापरतो. हे सारे शब्द आजाराचे किंवा उपासमारीचे आहेत. क्षयरोगाचे नावच मुळी झिजण्यावरून पडले. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत त्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि घरातले माणूस डोळ्यांदेखत झिजताना पाहिलेल्या आईवडिलांच्या हाताखाली आज सत्तरीत असलेली पिढी वाढली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा लाल मिलो खाल्ल्याची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. ज्यांनी भूक पाहिली, त्यांना बसलेले गाल पाहून धस्स होणे स्वाभाविक आहे. त्यांच्या बोलण्यामागे बहुतेक वेळा कुत्सितपणा नसतो, भीती असते. एवढे ध्यानात घेतले तरी निम्मा राग ओसरतो.

याला आणखी एक शारीरिक कारण आहे. वयोमानाने त्वचेची लवचीकता कमी झालेली असते. चरबी घटली की तरुणाची त्वचा आक्रसते, वृद्धाची सैल पडते. चेहरा, मान आणि दंड येथे ते पटकन दिसते. त्यात कवळी सैल झाली की गाल आणखी आत जातात. जुना सदरा खांद्यावरून ओघळतो, पोलके ढगळ होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. माणूस ठणठणीत असूनही आजारी दिसू लागतो. यावर उपाय सोपा आहे. दोन-तीन रोजचे कपडे शिंप्याकडून मापाचे करून घ्यावेत. कवळी सैल झाली असेल तर दंतवैद्याकडून नीट बसवून घ्यावी. त्याने चेहऱ्याला भरीवपणा येतो, आणि चावता आल्यामुळे आहारही नीट राहतो.

उतरवायचे ते थोडेच

लोकांना वाटते तेवढे वजन आम्ही कमी करायला सांगत नाही. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी ठरवली आहे, कारण पोटावरची चरबी आपल्याला लवकर बाधते. तथापि ज्येष्ठांनी आकड्याच्या मागे धावू नये. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब यांत चांगला फरक पडतो. ८० किलोच्या माणसासाठी ही घट ४ ते ८ किलो झाली. गुडघ्यांचे गणित तर अधिकच दिलासा देणारे आहे. गुडघ्याची झीज असलेल्या लठ्ठ ज्येष्ठांच्या अभ्यासात असे आढळले की, एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. दिवसाकाठी आपण किती पावले टाकतो याचा विचार केला म्हणजे या चार किलोंचे मोल कळेल.

आणि ही घट सावकाश व्हावी. महिन्याला दीड-दोन किलोंच्या पुढे जाण्याची घाई ज्येष्ठांनी करू नये. जे मुळातच कृश आहेत, वारंवार पडतात किंवा नुकतेच मोठ्या आजारातून उठले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज वजन कमी करण्याच्या वाटेला जाऊच नये.

टोमण्याने कोणी बारीक होत नाही

‘बोलल्याशिवाय माणूस सुधारत नाही’ अशी आपली एक ठाम समजूत आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढील लोकांच्या प्रकृतीचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. त्यातील सुमारे तीन हजार जणांविषयीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वजनावरून आपल्याला कमी लेखले जाते असे सांगणाऱ्यांचे वजन चार वर्षांत सरासरी सुमारे एक किलोने वाढले होते. तसा अनुभव नसलेल्यांचे सुमारे पाऊण किलोने घटले होते. यावरून टोमणा हेच वजनवाढीचे कारण असे सिद्ध होत नाही. परंतु टोमण्यामुळे वजन उतरते, या समजुतीला मात्र त्यात कोणताही आधार सापडत नाही.

आपल्या घरांत याहून वेगळा आणि अधिक बोचरा प्रकार घडतो. सासूबाई बारीक झालेल्या पाहून पाहुण्या बाई सुनेकडे वळून म्हणतात, “काय गं, आईंना नीट खायला-प्यायला घालतेस ना?” हे वाक्य सासूच्या वजनाविषयी नसते, सुनेच्या वागणुकीविषयी असते. दुसऱ्या दिवसापासून सून भीतीपोटी पोळीवर तूप सोडू लागते, चहात साखर परत येते, आणि महिन्याभरात साखरेचा अहवाल पूर्वपदावर जातो. मुलाकडे राहणारे वडील, लेकीकडे राहणारी आई, रात्रंदिवस सेवेला असलेली मदतनीस बाई, या सर्वांच्या बाबतीत हेच होते. वजनाविषयीचा शेरा रुग्णाला लागतो तसा काळजीवाहू माणसालाही लागतो, आणि त्याला उत्तर देण्याची मुभा बहुधा नसते.

म्हणून ज्येष्ठांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, असे वाक्य कानावर पडताच उत्तर आपण स्वतः द्यावे. “डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आहे. सूनबाई माझ्यासाठी वेगळी भाजी करते, म्हणून तर हे जमलं.” चारचौघांत उच्चारलेली ही दोन वाक्ये तिच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांची पावती ठरतात. ती आपल्याखेरीज दुसरे कोणी देऊ शकत नाही.

आधी स्वतःची वही

लोकांना उत्तर देण्यापूर्वी आपले उत्तर आपल्याला ठाऊक हवे. त्यासाठी एक साधी वही करावी आणि दर पंधरा दिवसांनी तीत पाच नोंदी कराव्यात.

पहिली नोंद वजनाची. सकाळी, शौचाहून आल्यावर, न्याहारीपूर्वी, हलक्या कपड्यांत आणि दर वेळी त्याच काट्यावर वजन करावे. दुसरी पोटाच्या घेराची. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सोडल्यावर माप घ्यावे. तिसरी भुकेची: ‘चांगली’, ‘बेताची’ किंवा ‘नाही’ एवढाच शब्द पुरे. चौथी नोंद रक्तदाबाची, आणि मधुमेह असल्यास साखरेची.

पाचवी नोंद ताकदीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, दोन्ही हात छातीशी घ्यावेत आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. घरच्या कोणीतरी जवळ उभे राहून घड्याळ पाहावे. पाच वेळा उठण्यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांची ताकद कमी पडत असल्याचा तो संकेत मानला जातो. तोल जात असेल, किंवा गुडघे-कंबर फार दुखत असेल, तर ही चाचणी घरी करू नये.

ताकदीवर एवढा भर का, तर खाणे कमी केले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. २०१७ साली अमेरिकेत लठ्ठ ज्येष्ठांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन घटवताना केवळ चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू अधिक घटले; वजने उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांचे कमी घटले; आणि दोन्ही करणाऱ्यांची हालचाल सर्वांत अधिक सुधारली. म्हणून फिरण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून रेटणे, पाण्याने भरलेल्या लहान बाटल्या उचलणे असे व्यायाम आपल्या प्रकृतीप्रमाणे शिकून घ्यावेत. प्रथिनांकडेही लक्ष हवे. ज्येष्ठांना दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. घट्ट वरण, उसळ, दूध-दही, पनीर, चालत असेल त्यांना अंडी आणि मासे हे पदार्थ प्रत्येक जेवणात थोडे थोडे असावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

वही हाताशी असली म्हणजे ‘किती वाळलात’ या शेऱ्याने मनात शंकेची पाल चुकचुकत नाही. वजन उतरले आहे, घेर उतरला आहे, भूक चांगली आहे, खुर्चीवरून उठणे सोपे झाले आहे, असे कागदावर दिसत असेल तर निर्धास्त राहावे.

कोणाला काय उत्तर द्यावे

बोलणारे साधारण चार प्रकारचे असतात.

पहिले काळजीने विचारणारे. त्यांना एका वाक्यात खरी माहिती द्यावी: “डॉक्टरांच्या सल्ल्यानंच पाच किलो उतरवलं, आता जिना चढताना गुडघा कुरकुरत नाही.” आहाराचे संपूर्ण वेळापत्रक सांगत बसू नये, कारण मग त्यावर चर्चा सुरू होते. उलट त्यांनाच म्हणावे, “उद्या सकाळी या की फिरायला.”

दुसरे आग्रह करणारे. ‘एका जिलबीने काय होतंय?’ हा आपल्या पंगतीचा आवडता प्रश्न. आग्रह हे आपल्याकडे प्रेमच असते, म्हणून तुसडेपणा नको. जवळच्या यजमानांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पहिल्या वाढीतच थोडे घ्यावे, म्हणजे पानात टाकावे लागत नाही आणि पान मोकळे दिसले म्हणून वाढपी थांबला तर “छान झालंय, आता पोट भरलं” असे म्हणून हात आडवा धरावा. ‘डाएट’ हा शब्द उच्चारू नये. त्या शब्दाशी वाद घालता येतो, भरलेल्या पोटाशी घालता येत नाही. मात्र संध्याकाळचे जेवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

तिसरे टोमणा मारणारे. ‘या वयात कुणाला दाखवायचंय?’ याला शांतपणे एकदाच उत्तर द्यावे: “दाखवायचं नाही, स्वतःच्या पायांनी चालायचं आहे.” पुन्हा तोच टोमणा आला तर हसून विषय बदलावा. टोमणा मारणारे माणूस भाऊ, बहीण किंवा जोडीदार असेल, तर मात्र गप्प राहू नये. एकांतात, ते आणि आपण दोघेच असताना सांगावे, “तू असं बोलतेस तेव्हा मला वाईट वाटतं. वही बघ माझी, मी बरा आहे.”

चौथे स्तुती करणारे, आणि त्यांच्यापासूनही थोडे सावध राहावे लागते. ‘वा! पंधरा वर्षांनी तरुण झालात!’ हे ऐकून माणूस ठरलेल्या मुक्कामाच्या पुढे जाऊ लागतो, रात्रीचे जेवण सोडून देतो. शिवाय स्तुतीला कारण ठाऊक नसते. मधुमेह आटोक्याबाहेर गेल्यामुळे वजन उतरलेल्या माणसाचेही मित्रमंडळी कौतुक करतात आणि तो ते फिरण्याचे श्रेय समजून घेतो.

अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो: ‘इंजेक्शन घेता का?’ भारतात २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. आपण औषध घेतो की नाही, हे सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. घेत असाल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु शेजाऱ्याने सांगितले म्हणून ती कधीही सुरू करू नयेत. मळमळ, उलट्या आणि भूक मंदावणे यांमुळे ज्येष्ठांचा आहार फार घटू शकतो, म्हणून त्यांवर डॉक्टरांची देखरेख लागतेच.

हे बोलणे मात्र ऐकावे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. आपण वजन कमी करण्याचा प्रयत्नच केलेला नसेल आणि कोणी ‘वाळलात’ म्हणाले, तर त्याच दिवशी काट्यावर उभे राहावे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलोंहून अधिक, तर तपासणी आवश्यक आहे. अनियंत्रित मधुमेह, थायरॉईडची अतिक्रिया, क्षयरोग, कर्करोग, दातांचे आणि गिळण्याचे त्रास, काही औषधांचे परिणाम, स्मृतिभ्रंश आणि नैराश्य अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. यांतील बऱ्याच कारणांवर चांगले उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू होण्यातच हित असते.

प्रयत्नाने वजन उतरवणाऱ्यांनीही पुढील खुणा दिसल्यास थांबावे आणि दवाखाना गाठावा : ठरवल्यापेक्षा झपाट्याने घट होणे, पथ्य सैल केल्यावरही घट चालू राहणे, भूक मरणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा संध्याकाळचा ताप, फार तहान आणि वारंवार लघवी, घास अडकणे, काळी शौच किंवा शौचातून रक्त, उभे राहताना चक्कर येणे. शेवटची खूण पुष्कळदा औषधांची असते. वजन उतरले की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या पूर्वीच्या मात्रा जास्त होऊ शकतात. त्या आपल्या मनाने कमी न करता वही दाखवून डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

जोडीदाराच्या निधनानंतर वजन घटणाऱ्यांविषयी विशेष सांगते. ‘मनाला लावून घेतलं’ असे शेजारीण म्हणते तेव्हा ते पुष्कळदा खरे असते. एकट्यासाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. अशा व्यक्तीला खाण्याचा उपदेश करण्यापेक्षा तिच्यासोबत बसून जेवणे अधिक उपयोगी पडते. आणि उदासी आठवडे न आठवडे टिकली तर तीही डॉक्टरांना सांगण्याचीच बाब आहे.

घरच्या मंडळींसाठी

काळजीवाहूंनी तीन गोष्टी पाळाव्यात. चेहऱ्यावर बोलू नये, कामावर बोलावे: ‘बारीक झालात’ याऐवजी ‘आज भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत एकट्याच गेलात की!’ असे म्हणावे. पाहुण्यांसमोर ज्येष्ठांच्या पथ्याची चर्चा किंवा चेष्टा करू नये. आणि आपल्याला शंका आली तर ती पाहुण्यांपाशी न बोलता वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या तपासणीच्या वेळी आम्हाला दाखवावी. घरच्यांनी टिपलेली एक ओळ आम्हाला पुष्कळदा लांबलचक तपासण्यांइतकी उपयोगी पडते.

हा अंक हातात आहे तोवरच एखादी कोरी वही काढावी, पहिल्या पानावर आजची तारीख, वजन आणि घेर लिहावा, आणि पुढचा अंक येईल त्या दिवशी दुसरी नोंद करावी. दोन नोंदी झाल्या की तिसऱ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ती वही एकदा दाखवून आणावी.